कुंदाच्या बांध्या

कुंदा वैरागडेला सरळ रेघ ओढता येत नव्हती, हे मी सगळ्यात आधी लिहून टाकते. पुढे तिचं कौतुक करावं लागणार आहे, आणि एकदा ते सुरू झालं की हे सांगायचं राहून जाईल. नगरपरिषदेच्या नकाशाखोलीत आम्ही दोघी शेजारशेजारच्या टेबलांवर बसायचो. माझी रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची. तिच्या रेघेला मध्येच पोट सुटायचं. साहेबांना ते पोट कधी दिसलं नाही, कारण कुंदा नकाशा दाखवताना इतकं छान बोलायची की साहेब नकाशाऐवजी तिच्याकडे बघायचे.

आमच्या हुद्द्याचं नाव कागदावर अनुरेखक, तोंडी ट्रेसर. अभियंत्यानं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर ट्रेसिंगचा कागद ताणून लावायचा आणि शाईनं नकाशा वर उतरवायचा. मग त्याच्या अमोनियाच्या प्रती निघायच्या आणि त्या वासानं डोळ्यांना धार लागायची. शिवाय आमच्याकडे सर्वेक्षकाची जागा मी रिटायर होईपर्यंत रिकामीच राहिली, त्यामुळे गावाच्या पातळ्या घ्यायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. उन्हाळ्यात तिपाईवर दुर्बीण लावायची, शिपायानं आकड्यांची उंच पट्टी जागोजागी उभी धरायची आणि मी दुर्बिणीतून आकडा वाचायचा. आकडा जितका मोठा, तितकी जागा सखल. त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. हे कळल्यावर आमच्या शेजारच्या कमलची सासू म्हणाली, बाई, आमच्या घराकडे नोको पाहू, घर उलटं होते. मी तिच्या दाराची पातळी गल्लीच्या कडेवरून घेतली आणि विषय मिटवला.

सारख्या उंचीच्या जागा जोडत गेलं की जी वेडीवाकडी रेघ होते, ती कंटूर. नवख्या माणसाला मी सांगायची, गावात पाणी चढून शांत उभं राहिलं तर त्याची कड जिथे येईल, तिथे ही रेघ. बहुतेकांना समजायचं. गणपतराव नावाच्या एका कापूस व्यापाऱ्याला समजलं नाही. कंटूर म्हणजे पुढे होणारा रस्ता, आणि तो आपल्या प्लॉटमधून जाणार, असं त्यांच्या डोक्यात बसलं. पेढ्यांचा डबा घेऊन आले आणि रेघ थोडी शेजाऱ्याकडे सरकवा म्हणाले. मी त्यांना पाण्याचं, कडेचं, उंचीचं सगळं समजावलं. त्यांचा चेहरा पडलेलाच. शेवटी कुंदा आपल्या टेबलावरून म्हणाली, "भाऊ, ज्याच्या घरातून ही रेघ जाते ना, त्याचं अंगण सपाट असते. तुम्ही नशीबवान." हे कुठल्याच शास्त्रात बसत नाही. गणपतराव मात्र खूश होऊन गेले आणि डबा तिच्या टेबलावर ठेवून गेले. तिनं मला पेढा दिला. मी उपास आहे म्हणून सांगितलं.

तर कुंदा. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ती आमच्याकडे लागली. वडील ऊर्जानगरला वीज केंद्रात होते. क्वार्टरमध्ये वाढलेली, कंपनीच्या बसनं शाळेत गेलेली मुलगी. त्यांच्या वसाहतीत रस्त्याच्या कडेला गटारं होती, ती झाकलेली होती आणि त्यातून पाणी खरोखर वाहत जायचं. हे ती सहज सांगायची आणि मला ते लागायचं. माझं माहेर नागभीडच्या पुढे, चारी बाजूंनी धान. पावसाळ्यात शाळेत जायचं म्हणजे चपला हातात घेऊन बांधावरून. ती माझ्यापेक्षा वयानं लहान, मला ताई म्हणायची. तिला लुना होती, मला सायकल. तिच्याशी दोन मिनिटं बोललेला माणूस तिला घरची भांडणं सांगायचा, माझ्याकडे आलेला माणूस फक्त नकाशा मागायचा. मी जळायची. दुसरा कुठला सभ्य शब्द आहे का ते मी बरीच वर्षं शोधलं, मिळाला नाही.

आता आमच्या गावाचं. तालुक्याचं गाव, नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. गावाच्या वरच्या अंगाला धानाच्या बांध्या होत्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा बांध घातलेला धानाचा तुकडा. जमीन उतरती असली तरी प्रत्येक बांधी आतून सपाट करतात, म्हणजे पाणी सारखं उभं राहतं. वरची भरली की बांधाला तोंड पाडून पाणी खालच्या बांधीत. त्या सगळ्या बांध्या बुजवून तिथे लेआउट पडलं, प्लॉट विकले गेले, घरं झाली. ज्यांनी शेत विकलं त्यांतल्या बऱ्याच जणांनी तिथेच प्लॉट ठेवून घर बांधलं. सगळ्यात खाली जुनी बोडी, म्हणजे लहान तलाव, आणि बोडीच्या काठाला आमची गल्ली. एका बाजूला मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं, कमलचं त्यातलंच, आणि दुसऱ्या बाजूला आमच्यासारखी नोकरदारांची. लेआउट झाल्यापासून वरचं सगळं पाणी सिमेंटच्या अंगणांवरून धावत आमच्या गल्लीत यायचं. पावसाळा लागला की मी पलंगाचे पाय विटांवर चढवायची आणि तांदळाचं पिंप माळ्यावर. अख्ख्या गावाच्या पातळ्या घेणाऱ्या बाईच्या घरात पाणी शिरतं, हे लोकांना फार गमतीचं वाटायचं.

दोन हजार साल उलटल्यावर नगरपरिषदेत कॉम्प्युटर आला. त्याला गरम होतं म्हणून त्याच्या खोलीत कुलर लागला. आम्हाला गरम होत होतं ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कॉम्प्युटरवर नकाशे काढायला शिकण्यासाठी नागपूरला एकाच जणाला पाठवायचं होतं. माझी नोकरी जास्त, माझा हात चांगला, पातळ्या माझ्या. पाठवलं कुंदाला. साहेब म्हणाले, वत्सलाबाई, तुमचा हात इतका सुरेख आहे की तुम्हाला मशीन कशाला पाहिजे. असं कौतुक शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

ती परत आली आणि मी कितीतरी उन्हाळे घेतलेल्या पातळ्या तिनं मशीनमध्ये भरल्या. मग नागपूरहून रंगीत छापून आणलेला मोठा नकाशा टेबलावर पसरला. उंच भाग पिवळा, मग हिरवा, सखल भाग निळा. आमची गल्ली गडद निळी. तेच गाव माझ्या ट्रेसिंगवर होतं, त्याच रेघा, त्याच जागी. पण माझा नकाशा वाचावा लागायचा आणि हा नुसता बघितला तरी कळत होता. तिच्या रेघेचं पोट सुटणं मशीननं बरं केलं होतं.

कुंदा म्हणाली, "ताई, हे लेआउट पायऱ्या-पायऱ्यांचं काऊन दिसते? एवढ्या सरळ पायऱ्या जमिनीत असतात का?" मी मान वर न करता म्हटलं, "बांध्या होत्या तिथं. वरची भरली की खालची भरे. वरून घरं बांधली म्हणून जमीन विसरते का?"

एवढंच. मी पुन्हा माझ्या रेघेकडे वळले. ती नकाशावर वाकून उभी राहिली आणि तिनं त्या दुपारी डबाही खाल्ला नाही.

पुढच्या बैठकीत अभियंता साहेबांनी वरपासून बोडीपर्यंत एक खोल सिमेंटची नाली मांडली. माझ्या गल्लीचा त्यात निकालच लागत होता, कारण सगळ्या लेआउटचं पाणी एकाच वेळी, दुप्पट वेगानं खाली आलं असतं. कुंदा उठली. म्हणाली, पाणी पळवायचं काऊन? थांबवू या. प्रत्येक गल्लीच्या कडेला उथळ, गवताचा खोलगा करू, त्याला खालच्या अंगाला बांध, बांधात एक पाइप. पाऊस पडला की पाणी तिथे उभं राहील, थोडं मुरेल, उरलेलं पाइपातून हळूहळू खालच्या खोलग्यात जाईल, आणि शेवटी बोडीत. बांध कुठे घालायचे ते शोधायची गरज नाही, जुन्या बांध्यांच्या जागा नकाशात उमटल्याच आहेत. गवत म्हणून वाळा लावू, आपल्याच बोडीतला, म्हणजे उन्हाळ्यात लोक कुलरसाठी त्याची थोडी मुळं काढून नेतील आणि गवत जपतील. साहेबांनी विचारलं, लोक आपल्या दारासमोर खड्डा ठेवून घेतील का. ती म्हणाली, "खड्डा म्हटलं तर नाई ठेवणार साहेब. बांधी म्हटलं तर ठेवतील."

मी तिथेच बसले होते. बांधीत मी लहानाची मोठी झाले, आणि बांधी माझ्या वाक्यातून उचलून नेली ऊर्जानगरच्या क्वार्टरवालीनं. ते वाक्य मी बोलले होते आणि मलाच ते ऐकू आलं नव्हतं, याचा राग जास्त होता.

मुख्याधिकाऱ्यांनी त्या एका लेआउटपुरती परवानगी दिली. कुंदा घरोघर फिरली. वरच्या घरच्यांना घेऊन खालच्या घरी जायची आणि तुमचं पाणी यांच्याकडे येणार, तुमची ओळख असू द्या म्हणायची. उन्हाळ्यात काम झालं, पहिल्या पावसात वाळा रुजला. त्या वर्षी पाणी माझ्या अंगणाच्या कडेपर्यंत आलं आणि तिथूनच बोडीत वळलं. पलंगाचे पाय जमिनीवरच राहिले. लोक त्या खोलग्यांना कुंदाच्या बांध्या म्हणू लागले. तिची योजना फसावी असं मला मनातून वाटायचं, आणि ती फसली तर पाणी माझ्याच घरात येणार होतं. अशी कुचंबणा माझ्या नोकरीत दुसरी झाली नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात योजना फसायला आली, आणि ती कशानं ते आमच्या भागाबाहेरच्या माणसाला पटणार नाही. आषाढात पावसानं दडी मारली. वरच्या गल्लीतले तुळशीरामभाऊ, ज्यांचं शेत मोडून हे लेआउट पडलं होतं, रोज दारासमोरच्या खोलग्यातलं, आधीच्या पावसाचं उरलेलं आणि पाइपातून हळूहळू निघून जाणारं पाणी बघायचे. आयुष्यभर धान केलेला माणूस. बांधी म्हणून सांगितलेली जागा, तिच्यात पाणी, आणि रिकामी. त्यांना ते सहन होईना. एके दिवशी पाइपाच्या तोंडात पोत्याचा बोळा आणि चिखल कोंबून त्यांनी पाणी अडवलं, आणि कुठूनतरी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, आणून रोवून टाकली. त्यांचं बघून शेजाऱ्यानं, मग त्याच्या खालच्यानं. महिन्याभरात सगळ्या लेआउटभर घराघरासमोर धान डोलत होतं आणि सगळ्या पाइपांची तोंडं बंद. कुंदा हात जोडून फिरली. पाणी थांबवायला जागाच उरली नाही, मोठा पाऊस आला तर सगळं खाली जाईल, हे तिनं प्रत्येकाला सांगितलं. तुळशीरामभाऊ म्हणाले, बाई, तूच बांधी म्हटली. उभ्या पिकाचं पाणी कोणी सोडते का?

ज्या शब्दानं तिनं बैठक जिंकली त्याच शब्दानं तिला धरलं होतं. मला बरं वाटलं. ऑफिसात मी तिला चहा पाजला, इतकं बरं वाटलं.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला. पोरांनी लाकडी बैल सजवून ठेवलेले, ते घरातच राहिले. दुपार व्हायच्या आधी पाणी माझ्या पायरीला लागलं आणि कमलच्या अंगणातली चूल बुडाली. ती साडी खोचून आली. बाई, पाणी चढून राह्यलं, वरून धबधबा येऊन राह्यला, म्हणाली. मी वर बघितलं तर वरच्या एका बांधावर कुंदा, डोक्यावर पोतं घेऊन, हातात सब्बल, म्हणजे पहार. ती वरचे पाइप मोकळे करत होती. प्रत्येक पाइप सुटला की वरचं पाणी धाडकन खालच्या भरलेल्या खोलग्यात पडायचं आणि तो फुटून पुढे. सगळा लोंढा माझ्या दिशेनं.

माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'आता'. आता कळेल तिला. बांधीत वाढलं नाही की हे असं होतं. भरलेल्या बांध्या कधी वरून सोडत नाहीत. आधी सगळ्यात खालची मोकळी करायची, मग तिच्यावरची, असं करत वर जायचं. आमच्याकडे हे पोरासोरांना माहीत असतं, म्हणून कुणी सांगत नाही. म्हणूनच तिला कुणी सांगितलं नव्हतं. हा विचार मी किती वेळ चघळत उभी होते कोण जाणे. मग घरात शिरलेल्या पाण्यानं तांदळाचं पिंप आडवं पडल्याचा आवाज आला आणि मी पाण्यात उतरले.

वर पोहोचेपर्यंत धाप लागली. मी तिचा सब्बल धरला. म्हटलं, "वरचं सोडू नोको. थांब. आधी खालचं मोकळं कर, मग वर ये."

तिनं माझ्याकडे बघितलं. काऊन, कसं, काही विचारलं नाही. सब्बल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "चला ताई. तुम्ही सांगा, मी करतो."

बोडीजवळच्या शेवटच्या बांधापासून सुरुवात केली. कमल आली, तिचा नवरा आला, गल्लीतले बाकीचे आले. एक पाइप मोकळा, मग त्याच्या वरचा. पाणी खळखळत बोडीत जायला लागलं, गल्लीतलं हळूहळू उतरायला लागलं. मधल्या घरांनी कुरकुर केली पण फावडी घेतली. शेवटी उरले तुळशीरामभाऊ, त्यांनी कुंदालाही आपल्या पाइपाला हात लावू दिला नव्हता. त्यांच्या गल्लीतला खोलगा सगळ्यात मोठा, गच्च भरलेला, धान कंबरेला लागणारं. ते बांधावर छत्री घेऊन बसले होते आणि उठायला तयार नव्हते. कुंदा बोलायला लागली तशी मी तिला थांबवलं. हे बोलणं तिचं नव्हतं.

"भाऊ," मी म्हटलं, "पाणी सोडाच्या आधी वरच्यानं खालच्याले सांगाचं, अशी रीत आहे ना आपली?"

"आहे."

"तुम्हाले खालच्याचा घोर आहे म्हणून तुम्ही सोडून नाई राह्यले, असं समजतो मी. मी खालची आहो. माझ्या घरी तुमचं पाणी येते. मी आपल्या तोंडानं सांगून राह्यली, खालचं मोकळं आहे, सोडा."

त्यांनी छत्री मिटली, फावडं मागितलं आणि स्वतःच्या हातानं बांधाला तोंड पाडलं. धान वाहून जाताना त्यांनी तोंड फिरवलं. मलाही ते बघवलं नाही. उभं धान वाहताना मी याआधी कधी बघितलं नव्हतं.

पाऊस ओसरल्यावर नागपूरहून मोठे साहेब बघायला आले. सभागृहात खुर्च्या, हार, सगळं. कुंदाचा सत्कार होणार हे ठरलेलंच होतं. मी मागच्या रांगेत, चांगली साडी नेसून, चेहरा सरळ ठेवून बसले होते. तिला बोलायला सांगितलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, नकाशातले सगळे आकडे वत्सलाताईंचे. बांध्यांची कल्पना ताईंची, मी फक्त ऐकली. आणि पोळ्याच्या दिवशी मी गाव बुडवायला निघाली होती, ते ताईंनी वाचवलं. मग तिनं आपल्या गळ्यातला हार काढला आणि मागच्या रांगेपर्यंत चालत येऊन माझ्या गळ्यात घातला.

टाळ्या फार वेळ चालल्या. बाहेर पडताना मला भेटलेला प्रत्येक माणूस एकच गोष्ट सांगत होता. मोठे साहेब, मुख्याधिकारी, गणपतराव, अगदी कमलसुद्धा. काय मोठ्या मनाची आहे कुंदाबाई. माझा हार माझ्या गळ्यात होता आणि कौतुक तिचं चाललं होतं. इतक्या वर्षांत मला मिळायला हवं होतं ते सगळं तिनं एका दमात मला देऊन टाकलं, आणि देण्यातही तीच पुढे गेली. घरी येऊन मी हार खुंटीला अडकवला. सुकला तरी टाकवला नाही.

पुढे कुंदाची बदली झाली, मग तिनं नोकरी सोडली, आता हैदराबादला मुलाकडे असते. मीही रिटायर झाले. वरच्या गल्लीत नवीन घरं आली, त्यांनी दारासमोरचे खोलगे बुजवून सिमेंटचे गट्टू, म्हणजे फरशीचे ठोकळे, बसवले, कारण गाडी लावायला जागा पाहिजे. तुळशीरामभाऊ गेले. त्यांच्या मुलानं मात्र समोरची बांधी ठेवली, वाळा दरवर्षी कापतो. निम्म्या बांध्या उरल्या असतील. त्यामुळे जोराच्या पावसात पाणी पुन्हा माझ्या पायरीपर्यंत येतं, पण आत येत नाही. पाऊस वाढला की मी सब्बल घेऊन निघते, शेवटच्या पाइपापासून सुरुवात करते आणि वर जाते. गुडघे कुरकुरतात, पण दुसऱ्याच्या हाती मी ते काम देत नाही.

आणि दरवर्षी पहिल्या मोठ्या पावसाला कुंदाचा फोन येतो. तिकडे टीव्हीवर आमच्या जिल्ह्याचा पाऊस बघते म्हणे. विचारते, ताई, खालून सोडलं ना? मी हो म्हणते. मग ती तिकडच्या भाज्यांविषयी काहीतरी सांगते आणि मी फोन ठेवते. बास, एवढंच. तो फोन येईपर्यंत मी ओली साडी बदलत नाही, असं माझी सून म्हणते. सुनेला काहीही दिसतं.

यंदा मोठा पाऊस आला. मी सगळे पाइप मोकळे करून आले आणि फोनजवळ बसले. दुपार गेली. संध्याकाळी कमल आली, चेहरा खुललेला. म्हणाली, "बाई, कुंदाबाईचा फोन आलता. मले विचारे, पाणी कसं गेलं, खालून सोडलं का म्हणून. पोराच्या मोबाइलवर आलता."

मी म्हटलं, बरं झालं. चहा केला. कमल किती वेळ कुंदाशी बोलली, काय काय बोलली, हे सगळं मी तिच्याकडून काढून घेतलं. ती गेल्यावर दोन्ही कप जरा जास्तच घासले. कमलनं आयुष्यात एक पाइप उघडला होता, तोही मी दाखवला म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. मी उचलला नाही. पुन्हा वाजला, तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा सूनच उचलायला निघाली, तशी मी उठले.

"ताई, काल तुमचा फोन लागतच नव्हता हो. खालून सोडलं ना?"

"कमलले विचार," मी म्हटलं.